जायफळ फुलते पण फळत नाही : नर झाडांचे करायचे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. माडाच्या बागेत आठ वर्षांपूर्वी बियांपासून केलेली जायफळाची ३० रोपे लावली. त्यांतली १३ झाडे फळतात, १२ झाडे भरपूर फुलतात पण एक फळ धरत नाहीत आणि ५ झाडांना अजून फूलच नाही. फळणाऱ्या झाडांचीही पावसात निम्मी फळे तडकून गळतात. न फळणारी झाडे तोडावीत का, आणि नवीन कलमे करायची झाल्यास रानातल्या रामपत्रीची (जायफळाच्या जवळच्या रानझाडाची) रोपे खुंट म्हणून, म्हणजे कलम ज्यावर बांधतात ते मुळांचे रोप म्हणून, चालतील का?

तोडू नका, निदान इतक्यात तरी. तुमच्या बागेत बिघडलेले काही नाही. बियांची रोपे लावली की असेच होणार. जायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि रोपांमध्ये दोघांचे प्रमाण साधारण निम्मे-निम्मे पडते. तुमचे १३ आणि १२ हे त्याच हिशोबात बसते. रोप लहान असताना पानाच्या आकारावरून, शिरांवरून किंवा फांदीच्या ठेवणीवरून नर-मादी सांगणारे लोक भेटतात, पण त्यांचा अंदाज नाणे उडवण्यापेक्षा फारसा बरा नसतो. फूल येईपर्यंत खात्री नाही. आणि बियांच्या झाडाला पहिले फूल यायला सहा-सात वर्षे, कधी त्याहून जास्त लागतात. त्या ५ झाडांवर दाट सावली असेल तर ती आणखी मागे पडतील. त्यांच्यावरच्या इतर झाडांच्या फांद्या विरळ करा आणि दोन वर्षे थांबा.

पण १२ झाडे नर आहेत हे आधी स्वतः तपासा, फळ नाही एवढ्यावरून ठरवू नका. जायफळाच्या फुलाला पाकळ्या नसतात. जाडसर, फिकट पिवळी, तोंडाशी तीन दाते असलेली छोटी घंटा असते, नर आणि मादी दोन्हींत. फरक असा : नर फुले घोसाने येतात, एका देठावर तीन-चारपासून आठ-दहापर्यंत, आणि अंगाने सडपातळ असतात. मादी फुले एकेकटी किंवा दोन-तीन असतात आणि बुडाशी फुगीर, कारण आत अंडाशय असतो. शंका वाटली तर ब्लेडने फूल उभे चिरा. मध्ये बारीक दांडा आणि त्याला चिकटलेले पिवळे पराग दिसले तर नर. हिरवट गोल गाठ आणि तिच्या टोकाला दोन ओठांसारखा भाग दिसला तर मादी. प्रत्येक झाडाची वेगवेगळ्या फांद्यांवरची आठ-दहा फुले चिरा आणि हे काम वर्षातून दोन-तीनदा करा. काही नर झाडे वय वाढल्यावर थोडी मादी फुलेही काढू लागतात आणि त्यांना मोजकी फळे धरतात. काही झाडांवर दोन्ही प्रकारची फुले कायमच असतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण संयुक्ता’ ही जात अशाच प्रकारची आहे. असे झाड तुमच्या बारांत निघाले तर ते तोडण्याची चूक महाग पडेल. तपासणी झाली की खोडाला रंगाचा पट्टा मारून ठेवा, कारण दोन वर्षांनी कोणते झाड कोणते हे आठवत नाही.

नर किती ठेवायचे? दहा माद्यांमागे एक नर पुरतो. परागीभवन वाऱ्याने नाही, बारीक भुंगेरे आणि फुलकिडे करतात आणि हे किडे फार लांब जात नाहीत. म्हणून ठेवायचे नर एका कोपऱ्यात नकोत, बागेत विखुरलेले हवेत. ३० झाडांच्या बागेत तीन नर पुष्कळ झाले. राहिलेली नऊ झाडे मादीत बदलता येतात. झाडाची मुळे आठ वर्षे वाढलेली आहेत. नवे कलम लावून ती आठ वर्षे पुन्हा मोजण्यात काय अर्थ?

बदलायचे म्हणजे झाड खाली कापायचे, फुटलेल्या धुमाऱ्यांवर मादी झाडाची काडी बांधायची. काजूच्या जुन्या झाडांवर जे करतात तेच, पण जायफळाला तीन गोष्टी जास्त लागतात.

पहिली गोष्ट काडीची. जायफळाच्या झाडात दोन जातीच्या फांद्या असतात. मधला शेंडा उभा वाढतो आणि त्याची पाने खोडाभोवती सगळ्या बाजूंनी निघतात. त्या शेंड्यापासून मजल्या-मजल्याने आडव्या फांद्या निघतात आणि त्यांची पाने दोनच बाजूंना, ओळीने असतात. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जगते, फळही लवकर देते, पण ते झाड आयुष्यभर आडवेच पसरते. उंच होत नाही, त्यामुळे फळे हाताने काढता येतात, म्हणून काही जण मुद्दाम अशी कलमे लावतात. मोकळ्या जागेत ते ठीक आहे. माडाच्या बागेत मात्र हा पसारा माडाच्या आळ्यात शिरतो, फांद्या जमिनीला टेकतात आणि पडलेल्या झावळीखाली मोडतात. तुमच्याकडे उभ्या फांदीची काडीच घ्या. अडचण अशी की एका झाडाला उभे शेंडे फार थोडे. त्यासाठी तुमच्या उत्तम मादी झाडाचा वरचा शेंडा वर्षभर आधी छाटून ठेवा. खाली खोडावर उभे धुमारे फुटतात आणि त्यांतून काड्या मिळतात.

उत्तम मादी म्हणजे कोणती हे नजरेने ठरवू नका. पाच-सहा झाडांची फळे वेगळी ठेवा, प्रत्येकाच्या ५० बिया आणि त्यांची जायपत्री वाळवून वजन करा. पुष्कळ फळे देणाऱ्या झाडाची बी बारीक आणि पत्री पातळ असली तर हातात पैसे कमीच येतात. जायपत्रीचा भाव जायफळाच्या भावापेक्षा बराच वर असतो, त्यामुळे जाड, बियेला घट्ट वेढणारी पत्री हा गुण मी सर्वांत वर ठेवीन. तुमच्या १३ झाडांत मनाजोगते एकही नसेल तर दापोलीच्या ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’, ‘कोकण श्रीमंती’ यांच्या काड्या किंवा कलमे मिळवा.

दुसरी गोष्ट कापण्याची. पावसाच्या तोंडावर, म्हणजे मे अखेरीस, खोड जमिनीपासून एक ते दीड मीटरवर करवतीने तिरके कापा. तिरके अशासाठी की काप्यावर पाणी थांबू नये. खालच्या एक-दोन हिरव्या फांद्या मुद्दाम राखा. सगळी पाने एकदम काढली तर मुळे उपाशी पडतात आणि खोड वरून वाळत येते. नवी कलमे चांगली वाढली की या फांद्या काढता येतात. काप्यावर लगेच बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा : एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून, एकत्र करून एकूण दहा लिटर. आजवर सावलीत असलेल्या खोडावर ऊन पडले तर साल भाजते आणि तडकते, म्हणून खोडाभोवती झावळ्या बांधा. नऊ झाडे एकाच वर्षी कापू नका. पहिल्या वर्षी तीन करा, हात बसू द्या.

दीड-दोन महिन्यांत खोडावर धुमारे फुटतात. चौफेर विभागलेले चार-पाच ठेवा, बाकीचे खुडा. ते पेन्सिलीएवढे जाड झाले, बुडाशी अजून हिरवे आहेत आणि पावसाचा जोर ओसरला आहे अशा वेळी, साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, मृदुकाष्ठ कलम बांधा. काडी १० ते १२ सेंटिमीटर, धुमाऱ्याच्याच जाडीची, वरची दोन पाने ठेवून तीही निम्मी कापलेली. धुमारा आडवा छाटून मधोमध तीन-चार सेंटिमीटर चीर द्यायची, काडीचे बूड दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि ती चिरेत बसवायची. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. कलमपट्टीने खालून वर घट्ट बांधा, वरून पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि तिचे तोंड जोडाच्या खाली बांधा. पिशवीवर ऊन लागता कामा नये, आत काडी उकडते.

तिसरी गोष्ट चिकाची. जायफळाच्या कुळातल्या झाडांना चीर दिली की लालसर चीक येतो. तो कापलेल्या भागावर सुकला तर त्याचा पापुद्रा होतो आणि जोड धरत नाही. म्हणून सुरीला धार हवी, एका ओढीत काप झाला पाहिजे, चीक स्वच्छ ओल्या फडक्याने टिपायचा आणि काडी लगेच बसवायची. आंब्याची कलमे सहज बांधणाऱ्याचीही जायफळात पहिल्या वर्षी बरीच मर होते, ती बहुधा याच कारणाने. एका धुमाऱ्यावर भरवसा न ठेवता चार-पाच बांधायचे तेही यासाठीच.

महिन्याभराने काडीला कोंब दिसला की पिशवी संध्याकाळी काढा. पट्टी मात्र तीन महिने राहू द्या. नंतर काढायला विसरलात तर ती सालीत रुतते आणि वाऱ्यात कलम तिथेच मोडते. जोडाखाली खुंटाचे फुटवे येत राहतात, ते दर पंधरवड्याला खुडले नाहीत तर दोन वर्षांनी तुमच्या हाती पुन्हा नर झाडच असेल. शेवटी दोन जोमदार कलमे ठेवा. फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसू लागते.

एक सोपी युक्तीही आहे. बदललेल्या एखाद्या झाडाची राखलेली खालची नर फांदी काढूच नका. मग तीन झाडे नर म्हणून अडवून ठेवण्याचीही गरज राहत नाही, दोनच ठेवून भागते.

आता फळणाऱ्या १३ झाडांची गळ. फूल लागल्यापासून फळ पिकायला सहा ते आठ महिने जातात. पक्व फळ आपणहून दोन फाकांत उकलते, आत लाल पत्री दिसते, ते बरोबर. तुमच्याकडे तडकलेल्या फळातली पत्री पांढरी किंवा फिकट गुलाबी आणि बी मऊ असेल तर ती अकाली तडक आहे. ती बहुतेक वेळा उन्हाळ्यातल्या तहानेतून येते. फेब्रुवारी ते मे जमीन कोरडी पडते, साल कडक होते, मग जूनमध्ये एकाएकी पाणी मिळाले की आतला गर फुगतो आणि साल फाटते. माडाला पाणी दिले की जायफळालाही पोचते असे समजू नका. त्याला स्वतःचे आळे आणि स्वतःची नळी हवी. जानेवारीपासून तीन-चार दिवसांच्या अंतराने, जमीन सतत ओलसर राहील इतपत पाणी द्या, आणि पावसाळा संपताच बुंध्याभोवती झावळ्या, पालापाचोळा यांचे चांगले जाड आच्छादन करा. बुंध्याला मात्र ते चिकटवू नका.

फळावर आधी पाणचट तपकिरी डाग येऊन, मग कुजून गळ होत असेल तर ती बुरशी आहे. मे अखेरीस, फळे अर्धी वाढलेली असताना, एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी. पावसाने उघडीप दिली की पुन्हा एकदा. मिश्रण त्याच दिवशी वापरायचे. त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते मिनिटभर बुडवून पाहा; त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला, नाहीतर पाने करपतील. कुजलेली फळे झाडाखाली ठेवू नका, गोळा करून पुरा. पाने काळी पडून बारीक पांढऱ्या किंवा केसासारख्या काळ्या तंतूंना लोंबकळताना दिसली तर तो तंतू करपा. सावली आणि दमटपणा जास्त झाल्याची ती खूण आहे. लोंबणारी पाने आणि वाळक्या काटक्या काढून जाळा, वरची सावली कमी करा आणि मग फवारा. उलट क्रमाने केल्यास औषध फुकट जाते. फुले भरात असताना कीटकनाशक टाळा, परागीभवन करणारे भुंगेरे त्यातच मरतात आणि पुढच्या हंगामात ‘फुले आली पण धरली नाहीत’ ही तक्रार मादी झाडांबद्दलही करावी लागते.

खतात सर्वांत मोठी चूक पालाश कमी देण्याची होते. पंधरा वर्षांच्या पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला ५० किलो शेणखत, ५०० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि १,००० ग्रॅम पालाश ही मात्रा धरतात. तुमच्या आठ वर्षांच्या झाडांना तिच्या निम्मी पुरे. म्हणजे शेणखत २५ किलो, युरिया सुमारे ५५० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट ८०० ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश ८३० ग्रॅम. पावसाच्या सुरुवातीला निम्मे, पाऊस सरताना निम्मे. जायफळाची अन्न घेणारी मुळे वरच्या थरात असतात, तेव्हा चर खणू नका. बुंध्यापासून हात-दोन हात दूर खत पसरा, हलकेच मातीत मिसळा आणि वर पालापाचोळा घाला.

काढणीबद्दल विचारलेले नाही, पण निम्मा माल तिथेच बिघडतो म्हणून दोन शब्द. उकललेले फळ आकडीने रोज उतरवा. ओल्या जमिनीवर पडून राहिले तर पत्रीला बुरशी येते आणि अशा मालात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. पत्री बुडाकडून अलगद सोडवून हाताने चपटी करा. लाल रंग टिकवायचा असेल तर ती ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून मग ५५ ते ६० अंशांत वाळवा. पावसात उन्हाची वाट पाहत बसण्यापेक्षा लहान वाळवणी यंत्र परवडते. बिया मात्र त्या तापमानात घालू नका. जायफळात चौथा हिस्सा ते त्याहून जास्त तेलकट चरबी असते, ती ४५ अंशांच्या वर वितळून बाहेर येते आणि सुगंध जातो. कवचासकट मंद उबेवर वाळवा. हलवल्यावर आत गर खुळखुळला की झाले. विकेपर्यंत कवच फोडू नका, कीड लागते. फळाचे बाहेरचे जाड टरफल टाकून देऊ नका, फळाच्या वजनातला मोठा वाटा तोच असतो. लोणचे, मुरंबा, सरबत तर आपल्याकडे करतातच, गोव्यातल्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेने टरफलाची टॉफीही तयार केली आहे.

राहिला रामपत्रीचा प्रश्न. जायफळ म्हणजे मिरिस्टिका फ्रॅग्रन्स, मूळचे इंडोनेशियातल्या बांदा बेटांचे. रामपत्री म्हणजे मिरिस्टिका मलबारिका, त्याच ‘मिरिस्टिका’ प्रजातीतले पण आपल्या पश्चिम घाटाचे झाड. तिच्या खुंटावर जायफळाचे कलम जुळते आणि दक्षिणेत तसे खुंट वापरलेही गेले आहेत. तरी तुम्हाला मी जायफळाचाच खुंट सुचवीन. बी तुमच्या घरची, ताजी, हवी तेवढी आहे. ती फळ उकलल्यावर पत्री काढून लगेच, कवचासकट, वाळूच्या वाफ्यात दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरा. आठवडाभर कोरडी ठेवली आणि आत गर खुळखुळू लागला की ती उगवत नाही. रुजायला महिना ते तीन महिने लागतात, तोवर वाफा ओला आणि सावलीत हवा. नव्या रोपांवर कलम करताना काडीचा उभी-आडवी नियम तोच.

रानातले बी न आणण्याचे दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. रामपत्री धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे. तिची फळे मसाल्याच्या व्यापारासाठी आधीच कच्ची ओरबाडली जातात आणि धनेशासारख्या पक्ष्यांचे ते खाणे आहे. उरलेले बी आपण उचलले तर खाली रोप दिसत नाही. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेच्या देवराईत आणि गोव्यात सत्तरीतल्या बांबरच्या निरंकाराच्या राईत याच मिरिस्टिका प्रजातीच्या झाडांची पाणथळ जंगले टिकून आहेत. तिथले मिरिस्टिका मॅग्निफिका तर धोक्यात आलेल्या जातींत मोडते. चिखलातून वर गुडघ्यासारखी येणारी मुळे अशाच जंगलांत दिसतात. तिथली झाडे पाण्यात उभी राहतात म्हणून जायफळही राहील असे मानून बागेचा साचणाऱ्या पाण्याचा कोपरा भरू नका. जायफळाला ओल हवी, पण मुळाशी पाणी थांबले की ते पिवळे पडून जाते.

आणि घरी मसाल्यासाठी आणलेली रामपत्री विक्रीच्या जायपत्रीपासून लांब ठेवा. रामपत्रीच्या पट्ट्या लांब, अरुंद आणि गडद तपकिरी असतात, चुरगाळल्यावर जायपत्रीचा वास येत नाही. भेसळीसाठी ती इतकी जुनी ओळखीची आहे की व्यापारात तिला ‘बॉम्बे मेस’ असे नावच पडले आहे. पोत्यात चार पट्ट्या दिसल्या तरी घेणारा सगळ्या मालाचा भाव पाडतो.